जिलेटिनचा ठोकळा: सोनोग्राफीखाली सुई घालण्याचा सराव, स्वस्तात

मानेतल्या शिरेत सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) घालायला शिकवताना मी दर वर्षी नव्या रेसिडेंट डॉक्टरांना एकच वाक्य सांगतो: सुईचं टोक दिसत नसेल तर सुई पुढे ढकलायची नाही. मान सगळेच डोलावतात. मग एका हातात प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग), दुसऱ्या हातात सुई, नजर पडद्यावर आणि समोर धाप लागलेला माणूस अशी वेळ आली की तेच लोक टोक दिसत नसताना सुई ढकलतात. त्यांचा दोष नाही. दोन हात आणि दोन डोळे तीन ठिकाणी वाटायचे तर ती सवय रुग्णाच्या अंगावर लागू नये, एवढंच माझं म्हणणं.

परदेशी बनावटीचे सराव-फँटम, म्हणजे शरीराचे कृत्रिम नमुने, मिळतात, पण एखाद्या विभागाला ते सहज परवडत नाहीत. घेतलेच तर कपाटात कुलूपबंद राहतात, कारण टोचून टोचून खराब होतील अशी भीती. सरावाची वस्तू खराब होण्यासाठीच असते. म्हणून आमच्याकडे आम्ही ठोकळा घरीच करतो. हा लेख त्या ठोकळ्याचा आहे. शेवटी फुप्फुस आणि इतर दोन-तीन गोष्टींचे स्वस्त नमुनेही सांगितले आहेत, पण जीव ठोकळ्यात आहे.

आधी एक निर्णय

ठोकळा माणसासारखा दिसावा, असा मोह पहिल्यांदा सगळ्यांना होतो. मीही प्लास्टिकच्या पुतळ्याची मान कापून त्यात जिलेटिन ओतण्याचा उद्योग केला होता. दिसायला छान झालं, शिकवायला निरुपयोगी. ठोकळ्याने माणसासारखं दिसण्याची गरज नाही. जी चूक माणसाच्या अंगावर महागात पडते ती चूक ठोकळ्याने पकडावी. आपली चूक ठरलेली आहे: टोक न बघता सुई ढकलणं आणि शिरेची मागची भिंत फोडून धमनीत जाणं. म्हणून आपल्या ठोकळ्यात वर निळ्या पाण्याची शीर असेल आणि तिच्या खाली, थोडी बाजूला सरकलेली, लाल पाण्याची धमनी. मानेतही अनेकांची जुग्युलर शीर कॅरोटिड धमनीवर थोडीफार चढलेली असते, आणि डोकं जास्त वळवलं की अजून चढते. सिरिंजमध्ये निळं पाणी आलं तर बरोबर. लाल आलं तर मला काही बोलावं लागत नाही.

कशाचा करायचा

सोनोग्राफीचं यंत्र सगळीकडे आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर आहे असं धरून खोली मोजतं, कारण मऊ ऊतींमधली सरासरी तेवढी आहे. जिलेटिन आणि अगार हे दोन्ही मुळात घट्ट केलेलं पाणी, त्यामुळे त्यांचा वेग या आकड्याच्या जवळ बसतो. सिलिकॉन टिकाऊ म्हणून बरेच जण त्याकडे वळतात. पण त्यातून आवाज सेकंदाला साधारण १००० मीटरनेच जातो. म्हणजे ३ सेंटिमीटर खोल असलेली नळी पडद्यावर साडेचार सेंटिमीटरपेक्षाही खोल दिसते, आणि मुलं चुकीचा अंदाज शिकतात. सिलिकॉन नको.

जिलेटिन की अगार, हे ऋतू पाहून ठरवा. जिलेटिन लवचीक असतं, सुई त्यातून अंगातून गेल्यासारखी जाते, आणि वितळवून पुन्हा ओतता येतं. पण ते तिशीच्या पुढच्या तापमानात मऊ पडून वितळायला लागतं. एप्रिल-मे मध्ये विदर्भ-मराठवाड्यात एसी नसलेल्या खोलीत जिलेटिनचा ठोकळा टेबलावर ठेवला, तर काही वेळात त्याचं सार होतं. अगार, म्हणजे आपला चायना ग्रास, उकळीच्या जवळ वितळतो आणि चाळीसच्या खाली गोठतो, त्यामुळे उन्हाळ्यात भरवशाचा. शिवाय तो समुद्री शैवालाचा असतो; जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं आणि काही विद्यार्थ्यांना ते हाताळायला नको वाटतं, त्यांच्यासाठीही हाच पर्याय. दोष एकच: अगार ठिसूळ असतो. सुई वाकवली की चीर पडते. १०० मिलिलिटर पाण्याला ३ ग्रॅम अगार घ्या, नीट उकळा आणि बाकी सगळं खालच्यासारखंच करा.

बाजारातली स्ट्रॉबेरी जेलीची पाकिटं वापरू नका. साखरेमुळे सगळं चिकट होतं, आणि प्रोबवर मुंग्या चढलेल्या मी पाहिल्या आहेत. साधं, बिनचवीचं, बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं जिलेटिन आणा.

सामान

साधारण २० सेंटिमीटर लांब, १२ रुंद आणि ७-८ खोल असा प्लास्टिकचा डबा. दीड लिटर पाणी. १५० ग्रॅम जिलेटिन. दीड ते दोन मोठे चमचे इसबगोल, मिक्सरमधून बारीक केलेलं. शिरेसाठी लांबट फुगा, जत्रेत ज्याचे कुत्रे-ससे वळून देतात तो, किंवा ऑपरेशन थिएटरमधला पेनरोज ड्रेन (पातळ, मऊ रबरी नळी). धमनीसाठी टूर्निकेची (रक्त काढताना दंडाला बांधतात ती) जाड रबरी नळी, साधारण ८ मिलिमीटर जाडीची. खायचा लाल आणि निळा रंग. डेटॉल किंवा सॅव्हलॉनचे काही थेंब. एवढं सगळं स्वस्तात बसतं.

इसबगोल कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. नुसतं जिलेटिन पडद्यावर काळंकुट्ट दिसतं, कारण आत आवाज परतवणारं काही नसतं. मग शीरही काळी आणि भोवतालही काळा. खऱ्या ऊतीत करड्या रंगाची जी रवाळ पोत दिसते तशी ठोकळ्यात इसबगोलाच्या कणांमुळे येते, आणि त्या करड्यात शीर काळी उठून दिसते. परदेशी पाककृतींत साखर नसलेली इसबगोलाची औषधी पावडर सांगतात. तोच भुसा गुजरातेत सिद्धपूर-उंझ्याकडून आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलात येतो. कॉर्नफ्लॉवरही चालतं, पोत जरा जास्त बारीक येते, पण ते तळाला बसतं.

नळ्या आधी भरा

हे काम जिलेटिन फुगत ठेवण्याआधी उरका, नंतर घाई होते. फुग्यात निळं पाणी सिरिंजने भरा. फुगवायचा नाही, हाताला मऊ लागेल, साधारण १ सेंटिमीटर जाड होईल, एवढंच. पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून गाठ मारा, म्हणजे आत हवा राहणार नाही. रबरी नळीचं एक तोंड पक्कं बांधा, लाल पाणी भरा आणि दुसरं तोंडही बुडवूनच बांधा. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पडद्यावर तिथे लख्ख पांढरा डाग आणि त्याखाली सावली येते, आणि मुलं त्यालाच सुई समजतात.

शीर मऊ आणि धमनी जाड ठेवण्यामागे कारण आहे. प्रोबने हलकेच दाबल्यावर शीर मिटते, धमनी मिटत नाही. हीच ओळख माणसात करायची असते. फुगा टम्म भरला तर तो मिटणार नाही आणि पहिला धडाच वाया जाईल.

ओतणं

अर्धा लिटर गार पाण्यावर जिलेटिन शिंपडा, एका जागी ढीग टाकू नका. दहा-पंधरा मिनिटांत ते पाणी पिऊन फुगेल. उरलेलं एक लिटर पाणी वाफा येईपर्यंत तापवा, उकळू नका. उकळलं की जिलेटिनची पकड कमी होते आणि फेस येतो. गरम पाणी फुगलेल्या जिलेटिनवर ओता आणि लाकडी चमच्याने सावकाश ढवळा. रवी किंवा मिक्सर लावलात तर संपलं. माझा पहिला ठोकळा मी ब्लेंडरने केला होता, आणि पडद्यावर शीर नव्हे, आषाढातलं आभाळ दिसत होतं.

विरघळल्यावर इसबगोल थोडं थोडं भुरभुरवा, तेही हलक्या हाताने. डेटॉलचे पाच-सहा थेंब टाका. वर आलेला फेस चमच्याने काढा आणि भांडं कोमट होईपर्यंत थांबा. इसबगोल फुगून मिश्रण जरा दाट होतं आणि कण खाली बसत नाहीत; गरम गरम ओतलं तर सगळा भुसा तळाला जातो.

आता तीन थर. डब्याला आतून तेलाचं बोट फिरवा. पहिला थर अडीच सेंटिमीटर. फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा. पृष्ठभाग चिकट असला पाहिजे, पूर्ण घट्ट नको. त्यावर लाल धमनी लांबीच्या दिशेने ठेवा आणि जरा दाबून बसवा. दुसरा थर एकूण उंची साडेतीन सेंटिमीटर होईल एवढा ओता, परत फ्रिज. मग निळी शीर, धमनीच्या वर, पण अर्धी बाजूला सरकवून. शेवटचा थर एकूण ६ सेंटिमीटरपर्यंत. त्यात थोडी कॉफी किंवा गडद रंग घाला, कारण वरून नळी दिसली तर मुलं पडद्याकडे बघतच नाहीत. शीर आता दीड ते अडीच सेंटिमीटर खोल आहे, आणि धमनी तिच्या खाली थोड्याच अंतरावर सुरू होते.

ओतायचं मिश्रण बोटाला सोसेल इतकंच कोमट असू द्या. जास्त गरम असेल तर खालचा थर वितळून नळी तरंगत वर येते. मधल्या वेळात पातेल्यातलं मिश्रण गोठायला लागलं तर गरम पाण्याच्या परातीत ठेवा. मग रात्रभर फ्रिज. जेवणाचा फ्रिज नको. घरचाच वापरायचा तर डब्यावर ठळक लिहा. आमच्याकडे एका पाहुण्याने पुडिंग समजून चमचा घातला होता.

यंत्राजवळ नेण्याआधी

महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतरचं त्याचं नाव आपण पीसीपीएनडीटी असं उच्चारतो. सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, ते कुठे आहे याचा हिशेब लागतो आणि पोर्टेबल यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर फिरवण्यावर कडक बंधनं आहेत. खिशात मावणारा, मोबाइलला जोडायचा प्रोबही यातून सुटत नाही. म्हणून दुसऱ्या कॉलेजात किंवा हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यशाळा भरवून यंत्र तिकडे नेण्याचा विचार परस्पर करू नका. आधी समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, विचारा. आम्ही उलटं करतो: यंत्र जागेवर राहतं, ठोकळे डब्यातून त्याच्याकडे येतात. बर्फाच्या पेटीत चार ठोकळे आरामात बसतात.

आणखी दोन नियम. प्रोबवर पातळ प्लास्टिक किंवा हातमोजा चढवा, आत-बाहेर दोन्हीकडे जेल लावा. आणि सरावाच्या सुया, सिरिंज, गाइडवायर (सुईतून शिरेत सरकवायची तार) यांच्या ट्रेवर लाल चिकटपट्टी लावून 'सराव' लिहा. त्या चुकूनही वॉर्डात जाता कामा नयेत. वापरलेल्या सुया नेहमीच्या पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यातच.

शिकवणं

पहिली पंधरा मिनिटं सुईला हातच लावू देऊ नका. लिनियर (सरळ, सपाट तोंडाचा) प्रोब, खोली ४ सेंटिमीटर. प्रोबवरची खूण कुठल्या बाजूला आहे आणि पडद्यावरचा ठिपका कुठे, हे बोटाने प्रोबची एक कड दाबून विद्यार्थ्याने स्वतः दाखवायचं. मग शीर कुठली आणि धमनी कुठली, हे दाबून सिद्ध करायचं. गेन (चित्राचा उजळपणा) वाढवून शीर करडी करायची आणि परत काळी करायची. यंत्राची बटणं इथेच समजतात. शेवटी प्रोब ९० अंशांत फिरवून शीर गोल दिसत होती ती लांबट पट्ट्यासारखी दिसू द्यायची. हे वळवणं सोपं वाटतं, पण फिरवताना प्रोब सरकतो आणि शीर पडद्यावरून निघून जाते. प्रत्येकाला तीनदा करायला लावा.

आता सुई, आडव्या छेदात, म्हणजे शीर गोल दिसते त्या. शीर पडद्याच्या मधोमध आणा. तिची वरची भिंत दीड सेंटिमीटरवर आहे. प्रोबपासून तेवढंच, दीड सेंटिमीटर मागे ४५ अंशांत सुई घातली तर ती बरोबर प्रोबच्या खाली शिरेपर्यंत पोचते. तिरक्या वाटेने साधारण २.१ सेंटिमीटर सुई आत जाईल. हा हिशेब फळ्यावर त्रिकोण काढून समजवा, मग ठोकळ्यावर करून घ्या. शाळेतला पायथागोरस इथे पहिल्यांदा उपयोगी पडतो.

पण खरी गंमत पुढे आहे. आडव्या छेदात पडद्यावर सुई म्हणजे एक पांढरा ठिपका. तो ठिपका टोकाचा आहे की दांड्याचा, हे ठिपका बघून कळत नाही, कारण दोन्ही सारखेच दिसतात. कळायची एकच रीत आहे. ठिपका दिसला की सुई थांबवा आणि प्रोब पुढे सरकवा, ठिपका नाहीसा होईपर्यंत. नाहीसा झाला म्हणजे आपण टोकाच्या पुढे आलो. आता प्रोब स्थिर ठेवून सुई हळूच पुढे न्या, ठिपका परत उगवेपर्यंत. हा नक्की टोक. परत प्रोब पुढे, परत सुई. एकदा प्रोब, एकदा सुई. दोन्ही एकाच वेळी कधीच नाही. असं पावलापावलाने टोक शिरेच्या आत आणा. वरची भिंत आधी आत दबते, मग सुटते. तो झटका हाताला कळतो. ठिपका काळ्या वर्तुळाच्या मधोमध आला की सिरिंजचा दट्ट्या ओढून बघा.

सुरुवातीला मुलं प्रोब आणि सुई दोन्ही एकदम हलवतात. तेव्हा मी त्यांना मोठ्याने 'प्रोब', 'सुई' असं बोलत करायला लावतो. हास्यास्पद वाटतं, पण दहा मिनिटांत लय बसते. लाल पाणी आलं तर कोणी रागावायचं नाही. तशीच सुई ठेवून प्रोब फिरवायचा आणि टोक कुठे आहे ते त्यानेच शोधायचं. आपण 'वर' आहोत असं ज्याला वाटत होतं तो टोक धमनीत बघतो, त्यावेळचा चेहरा बघण्यासारखा असतो.

उभ्या छेदात, म्हणजे शीर लांबट दिसते त्यात, सगळी सुई एका रेषेत दिसते, म्हणून ते सोपं असेल असा समज आहे. प्रोबमधून निघणारा पट्टा एखाद्या एटीएम कार्डाइतका पातळ असतो. सुई त्या पट्ट्याच्या जरा बाहेर गेली की अर्धीच दिसते आणि दिसणारं शेवटचं टोक खोटं असतं. सुई दिसेनाशी झाली तर सुई हलवू नका, प्रोब किंचित डावी-उजवीकडे कलवा.

आम्ही तीन गोष्टी नोंदतो: किती वेळा टोचलं, मागची भिंत फोडली का, आणि टोक दिसत नसताना सुई किती वेळा पुढे गेली. वेळ मोजत नाही. घड्याळ लावलं की मुलं परत ढकलायला लागतात.

ठोकळा फार दयाळू आहे, हेही त्यांना सांगा. तो हलत नाही, श्वास घेत नाही, त्याचं रक्त गोठत नाही. पुढच्या पायरीला डब्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून शिरेची नळी आरपार न्या, कडा एम-सीलने बंद करा आणि सलाईनचा सेट जोडून बाटली ठोकळ्यापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर वर टांगा. बाटली खाली केली की शीर रिकामी होऊन मिटते, पाणी कमी झालेल्या रुग्णासारखी. धमनीला सिरिंज जोडून कोणीतरी दट्ट्या हलका हलवत राहिलं तर ठोकेही पडतात. डॉपलरसाठी (वाहतं रक्त पडद्यावर रंगात दाखवण्याची सोय) त्या पाण्यात चिमूटभर कॉर्नफ्लॉवर लागतं. नुसत्या पाण्यात रंग उमटत नाही.

बाकी नमुने, थोडक्यात

फुप्फुसासाठी भांडी घासायचा स्पंज. कोरड्या स्पंजवर हवेमुळे आडव्या समांतर रेषा येतात. ओला करून पिळलेल्या स्पंजमधून उभ्या चकाकत्या रेषा खाली उतरतात, पाणी भरलेल्या फुप्फुसासारख्या. फुप्फुस सरकताना दाखवायचं तर स्वतःचाच हात पुरतो: हाताच्या पाठीवर प्रोब आडवा ठेवा, हाडं बरगड्यांसारखी सावल्या टाकतात, आणि तळहाताखाली जेल लावलेला स्पंज पुढेमागे सरकवला की मधली पांढरी रेषा चमचमते. स्पंज थांबवला की चमचम थांबते. याला खर्च शून्य.

गाठीतून नमुना घेण्याच्या सरावाला ठोकळ्यात द्राक्षं आणि उकडलेले वाटाणे पुरा. द्राक्ष द्रव भरलेल्या गाठीसारखं काळं दिसतं, वाटाणा घट्ट. अननस किंवा पपई मात्र नको, त्यांच्यातली विकरं जिलेटिन पचवून टाकतात. जखमेतली काच किंवा काटा शोधायला कोंबडीच्या मांडीत माचिसची काडी खोचून तो तुकडा पाण्याच्या भांड्यात बुडवा. पाणीच जेलचं काम करतं. मांसाचे नमुने त्याच दिवशी संपवा.

यंत्रच मोकळं नसेल तर कॅनडातल्या डॉक्टरांनी काढलेली एक युक्ती आहे, तिचं नाव एडस्-टू. हजेरीच्या कार्डात असते तसली आरएफआयडी चकती पुतळ्याच्या कपड्याखाली चिकटवतात, कार्ड वाचणारं यंत्र नकली प्रोबमध्ये बसवतात. प्रोब चकतीवर आला की लॅपटॉपवर त्या जागेची आधी रेकॉर्ड केलेली सोनोग्राफी चालू होते. कार्ड वाचणारी साधी यूएसबी यंत्रं कीबोर्डसारखी नुसता आकडा टंकतात, त्यामुळे आकडा आला की अमुक व्हिडिओ लाव एवढा छोटा प्रोग्राम इंजिनिअरिंगचा कुठलाही मुलगा लिहून देईल. याने हाताचं कसब येत नाही. पोटात रक्त आहे का हे कुठे आणि कोणत्या क्रमाने बघायचं, तेवढं पक्कं होतं. व्हिडिओवरची रुग्णाची नावं आधी पुसा.

ठोकळा टिकवणं

प्रत्येक टोचण्याने आत हवेची एक रेघ राहते आणि ती पडद्यावर पांढरी दिसते. पंचवीस-तीस टोचण्यांनंतर ठोकळा रेघांनी भरतो आणि नवी सुई ओळखू येत नाही. तेव्हा नळ्या काढा, जिलेटिनचे तुकडे करून मंद आचेवर पातेल्यात वितळवा, फेस काढा आणि परत ओता, दोन-तीनदा चालतं. फ्रिजमध्ये झाकून आठवडाभर राहतो. वास आला किंवा कडेला बुरशीचा ठिपका दिसला तर पुन्हा वितळवण्याचा मोह करू नका. झाकणावर ओतल्याची तारीख, नळ्यांची खोली आणि पाण्याचे रंग लिहून ठेवा, कारण नंतर लाल कुठली आणि निळी कुठली हे करणाऱ्यालाही आठवत नाही.